मोटरहोम घरी उभी ठेवताना: नवख्यांसाठी निगेचा क्रम

मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेतल्यावर पहिले काही महिने बहुतेक जण इंजिन, मायलेज आणि सर्व्हिसिंगचीच चौकशी करतात. ती हवीच. पण ही गाडी वर्षातले बरेचसे दिवस घराशेजारी उभी असते आणि तिचं मोठं नुकसान तिथेच होतं. चालत्या गाडीत काही बिघडलं तर आवाज बदलतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, स्टीअरिंग एका बाजूला ओढतं. उभ्या गाडीत यातलं काहीच होत नाही. छतातून थेंब झिरपत राहतो, बॅटरी रोज थोडी थोडी उतरते, टायर एकाच जागी दबून राहतो, आणि सहलीच्या आदल्या संध्याकाळी दार उघडलं की सगळं एकदम समोर येतं.

नवख्यांना मी कामाचा क्रम असा सांगते: आधी पाणी, मग बॅटरी, मग टायर, बाकीचं त्यानंतर. बॅटरी किंवा टायर गेला तर नवा बसतो. भिंतीच्या आतली लाकडी चौकट कुजली तर ती बदलायला अख्खी भिंत सोलावी लागते.

पायरी १: जागा

खाली कडक जमीन हवी. काँक्रीट, फरशी किंवा नीट दाबलेली खडी, काहीही चालेल. गवतावर किंवा मातीवर गाडी उभी केली की खालून सतत ओल चढते, चासी (गाडीचा खालचा सांगाडा) गंजते आणि चाकं रुततात. मातीवर ठेवण्यावाचून इलाजच नसेल तर चाकांखाली जाड फळ्या घाला. फळी टायरच्या टेकलेल्या भागापेक्षा सगळ्या बाजूंनी मोठी असू द्या, नाहीतर टायरचा सगळा भार फळीच्या कडेवर येतो.

झाडाची सावली मोहात पाडते, पण मी ती टाळते. चीक आणि पक्ष्यांची विष्ठा रंग खातात, आणि पानं छताच्या पन्हळीत अडकली की पाणी तुंबतं. तुंबलेलं पाणी आज ना उद्या एखादी फट शोधतंच.

गाडी अगदी सपाट न ठेवता किंचित उतारावर ठेवा, म्हणजे छतावरचं पाणी एका कडेने निघून जाईल. उतार पुरेसा आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, शिडीवरून बादलीभर पाणी छतावर ओता आणि दहा मिनिटांनी कुठे साचलंय ते पाहा. गॅसवर चालणारा फ्रिज सुरू करताना गाडी समतल लागते, पण उभ्या गाडीत फ्रिज बंदच असतो.

गाडीच्या दोन्ही बाजूंना माणूस आरामात उभा राहील एवढी मोकळी जागा सोडा. भिंतीला चिकटवून लावलेल्या गाडीच्या त्या बाजूची तपासणी कधीच होत नाही. तुमच्या वस्तीत एवढी मोठी गाडी घराबाहेर ठेवायला परवानगी आहे का आणि विम्याच्या अटींत गाडी कुठे ठेवावी याबद्दल काय म्हटलंय, हे दोन्ही आधीच पाहून घ्या.

पायरी २: छत आणि सांधे

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बऱ्याच मोटरहोमच्या भिंतीत बाहेरून ॲल्युमिनियम किंवा फायबरग्लासचा पत्रा, मध्ये फोम आणि लाकडी चौकट, आणि आतून पातळ प्लायवूड असतं. पाणी एकदा या थरांमध्ये शिरलं की वाळायला त्याला वाट नसते.

हे मी उशिरा शिकले. आमच्या गाडीत मागच्या पलंगाची गादी एकदा सहज उचलली, तर कोपऱ्यातल्या भिंतीवर तळहाताएवढा पिवळट डाग होता, चहा सांडून वाळल्यासारखा. अंगठ्याने दाबून पाहिलं तर भिंत आत गेली, आणि अंगठा काढल्यावरही खळगा तसाच राहिला. बाहेरून त्या जागी एक चीरही नव्हती. गळती सापडली ती जवळजवळ दीड मीटर पुढे, छताच्या कडेच्या छोट्या दिव्याच्या स्क्रूपाशी. तिथून शिरलेलं पाणी आतल्या चौकटीवरून सरकत कोपऱ्यात उतरलं होतं. म्हणून डाग जिथे दिसतो तिथेच सीलंट (फटी बुजवायचा लेप) फासून मोकळे होऊ नका. डागापासून वरच्या दिशेने एकेक सांधा तपासत जा.

तपासणी वर्षातून दोनदा करा, त्यातली एक पावसाच्या आधी. छतावर चढण्यापूर्वी गाडीची पुस्तिका पाहा. बरीच छतं माणसाचं वजन पेलण्यासाठी बनवलेली नसतात, अशा वेळी भक्कम शिडीवरूनच काम करा आणि शिडी धरायला कुणीतरी सोबत घ्या. छतावरच्या खिडक्या, हवेची झाकणं, सोलर पॅनेलचे पाय, अँटेना, कोपऱ्यांवरच्या पट्ट्या, चांदणीची (दाराबाहेर उलगडायच्या कापडी छपराची) पट्टी, कडेचे दिवे आणि खिडक्यांची रबरं अशा प्रत्येक ठिकाणी बोट फिरवा. चांगलं सीलंट नखाने दाबलं तर किंचित दबतं. तडा गेलेलं, कड सुटलेलं किंवा खडूसारखं ठिसूळ झालेलं सीलंट काढून टाकायचं.

काढून टाकायचं, हे मुद्दाम सांगते. जुन्यावर नवा थर चढवला की काम झाल्यासारखं दिसतं, पण पाणी जुन्या थराखालूनच जात राहतं. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, जागा स्वच्छ पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मगच नवं लावा. छताच्या आडव्या भागावर आपोआप पसरणारं सीलंट चांगलं, उभ्या भागावर न ओघळणारं, आणि पट्ट्यांच्या किंवा खिडकीच्या चौकटीच्या खाली ब्युटिल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी. घरगुती सिलिकॉन इथे वापरू नका. ते जुनं झालं की त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. छत रबराचं असेल तर थिनर आणि पेट्रोल त्याच्या जवळही नेऊ नका, रबर फुगतं.

ओल मोजायचा दोन सुयांचा मीटर विकत घेणं मला अगदी आवश्यक वाटतं. साधारण १५ टक्क्यांपर्यंतचा आकडा ठीक. १५ ते २० असेल तर लक्ष ठेवा. २० च्या वर गेला तर गळती शोधायला लागा, आणि ३० च्या पुढे असेल तर आतली चौकट जाणकाराकडून उघडून घ्या. सुयांची बारीक छिद्रं पडतात, म्हणून कपाटाच्या आत, गादीमागे अशा झाकल्या जागी मोजा. जागा ठरवून घ्या आणि दर वेळी त्याच जागांचे आकडे तारखेसह वहीत लिहा. एकट्या आकड्यापेक्षा तो वाढतोय की नाही, हे जास्त सांगून जातं.

पायरी ३: टाक्या आणि नळ्या

गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर आतलं सगळं पाणी काढा. पिण्याच्या पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी आणि गिझर, तिन्हींचे निचऱ्याचे व्हॉल्व्ह उघडा. गिझर आधी बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, उकळतं पाणी अंगावर येऊ शकतं. मग सगळे नळ उघडा. एकच दांडी असलेला नळ असेल तर ती मधोमध ठेवा, म्हणजे गरम आणि थंड दोन्ही नळ्या रिकाम्या होतील. शॉवरचं तोंड खाली सोडा. पंप काही सेकंदच चालवा, त्यात उरलेलं पाणी निघून जातं. कोरडा पंप जास्त वेळ चालवला तर जळतो. पाण्याचा फिल्टर काढून ठेवा.

जिथे थंडीत पारा शून्याखाली जातो तिथे या पायरीत हयगय चालत नाही. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, आणि नळाच्या आत राहिलेलं घोटभर पाणीसुद्धा तो नळ फोडतं. अशा ठिकाणी नळ्यांत प्रॉपिलीन ग्लायकोलचं, पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी बनवलेलं अँटीफ्रीझ भरतात. इंजिनच्या रेडिएटरचं अँटीफ्रीझ इथे कधीच नको. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकोल असतं आणि ते विषारी आहे.

शौचालयाची कॅसेट (मैला साठवणारी, बाहेर काढता येणारी टाकी) रिकामी करून खळखळून धुवा, वाळवा, आणि तिची सरकती झडप उघडी ठेवा. बंद ठेवली तर रबर झडपेला चिकटतं आणि पुढच्या वेळी उघडताना फाटतं. त्या रबराला सिलिकॉनचा स्प्रे चालतो, व्हॅसलिन लावू नका.

पायरी ४: बॅटऱ्या

मोटरहोममध्ये साधारणपणे दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिन सुरू करणारी आणि दुसरी आतले दिवे, पंप, पंखा चालवणारी. नवख्याला वाटतं, सगळं बंद केलंय, म्हणजे बॅटरी सुरक्षित. पण गॅसचा अलार्म, रेडिओची मेमरी, चोरीविरोधी यंत्रणा थोडा थोडा करंट घेतच असतात. समजा हे सगळं मिळून ५० मिलिअँपिअर होतं. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी सहा आठवड्यांत निम्मी. शिसे-आम्लाची बॅटरी अशी उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक खडे धरतात, आणि मग कितीही चार्ज केली तरी तिची ताकद परत येत नाही.

म्हणून साधा मल्टीमीटर घ्या. चार्जर आणि सगळी उपकरणं काही तास बंद ठेवून मग मोजा. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करायची, इतकं पाळलं तरी बॅटरी बरीच वर्षं टिकते. ज्या बॅटऱ्यांना टोपणं असतात त्यांत पट्ट्या बुडतील एवढं डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं पाणी नको. टोकांवर पांढरट-हिरवट भुकटी दिसली तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, वाळवून, थोडं ग्रीस लावा.

बॅटरी जोडलेलीच ठेवायची असेल तर भरल्यावर आपोआप कमी व्होल्टेजवर येणारा चार्जर वापरा. छतावर सोलर पॅनेल आणि कंट्रोलर असेल तर बहुतेक काम तोच करतो. मात्र पॅनेल इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीलाही चार्ज करतं का, हे तपासा. बऱ्याच गाड्यांत ते फक्त आतल्या बॅटरीलाच जोडलेलं असतं. दोन्ही सोयी नसतील तर ऋण टोक काढून ठेवा.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वेगळी. ती पूर्ण भरून महिनोन्‌महिने ठेवू नका, निम्मी ते पाऊण भरलेली ठेवून जोडणी तोडा. तापमान ० अंशाखाली असताना ती चार्ज करायची नाही, आतल्या पेशींना कायमची इजा होते.

घरातून वीज द्यायची असेल तर गळती होताच वीज तोडणारा स्विच त्या लाइनवर असायलाच हवा. गुंडाळीची एक्स्टेन्शन वायर पूर्ण सोडून वापरा, गुंडाळलेली वायर तापते आणि वितळूही शकते.

पायरी ५: टायर आणि ब्रेक

मोटरहोमचे टायर झिजून कमी आणि वयाने जास्त जातात. नक्षी नव्यासारखी दिसते आणि बाजूच्या भिंतीला मात्र बारीक तडे गेलेले असतात. टायरवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. ही ओळ एकाच बाजूला पूर्ण छापलेली असते, त्यामुळे कधी कधी गाडीखाली वाकून आतल्या बाजूने वाचावी लागते. सहा-सात वर्षं झाली की टायर दरवर्षी जाणकाराला दाखवा, आणि दहा वर्षांपुढे, कितीही चांगला दिसला तरी, ठेवू नका. एवढी जड गाडी, आत आपली माणसं झोपलेली किंवा बसलेली, आणि हमरस्त्यावर टायर फुटणं. यात पैसे वाचवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

उभी करताना टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आत राहून नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरा. दर तीन-चार आठवड्यांनी गाडी पाव चाक पुढे किंवा मागे सरकवा, म्हणजे एकच जागा दबून चपटी होणार नाही. ऊन पडत असेल तर चाकांवर कापडी झाकण घाला. मागे जोडचाकं असतील तर आतल्या टायरची हवा तपासायला विसरू नका. बाहेरचा टायर भार पेलत राहतो आणि आतला बसलेला दिसतच नाही.

सपाट जागी हँडब्रेक लावून महिनोन्‌महिने ठेवला तर ब्रेक चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडा. उतार लक्षात येण्याइतका असेल तर मात्र हँडब्रेक सोडू नका.

पायरी ६: इंजिन आणि इंधन

गाडी बराच काळ उभी करण्याआधी ऑइल बदला, पुन्हा बाहेर काढताना नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं आणि ओलावा असतो, ते इंजिनात साठवून ठेवण्यात अर्थ नाही. डिझेलची टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत हवेतल्या वाफेचं पाणी होऊन साचतं. पेट्रोल असेल तर स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य) घालून दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवा.

महिन्यातून एकदा जागच्या जागी पाच मिनिटं इंजिन सुरू करणं हे चांगलं काम समजलं जातं. मला ते नुकसानीचं वाटतं. एवढ्या वेळात इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, आणि स्टार्टरने घेतलेला चार्जही बॅटरीला परत मिळत नाही. एकतर अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणा, नाहीतर सुरूच करू नका. जनरेटर असेल तर तोही महिन्यातून एकदा अर्धा तास, काहीतरी उपकरण जोडून, चालवा.

पायरी ७: गॅस

सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, रेग्युलेटर काढलेला, नळीचं तोंड झाकलेलं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. त्यामुळे काढलेला सिलिंडर तळघरात किंवा बंद गॅरेजमध्ये ठेवायचा नाही, मोकळ्या हवेत आणि उभाच ठेवायचा. गाडीच्या जमिनीतली आणि गॅस लॉकरमधली (सिलिंडर ठेवायच्या कप्प्यातली) भोकं याच कारणासाठी असतात. वारा येतो किंवा किडे येतात म्हणून ती बुजवू नका, जाळी लावा. नळीवर छापलेली तारीख पाहा. गॅसच्या आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवरही मुदत लिहिलेली असते, आणि ती उलटून गेल्यावर चाचणीचं बटण दाबल्यावर वाजणारा अलार्मसुद्धा भरवशाचा नसतो.

पायरी ८: आतलं घर

अन्नाचा कणही ठेवू नका. उंदराच्या पिल्लाला पेन्सिलीएवढी फट पुरते, आणि आत शिरल्यावर ते आधी वायरींवर दात चालवतं. नळ्या आणि वायरी जिथून आत येतात तिथल्या फटींत स्टीलचा काथ्या कोंबा. फ्रिज सोड्याच्या पाण्याने पुसा आणि दार अर्धवट उघडं ठेवा. बऱ्याच फ्रिजच्या कडीला त्यासाठी वेगळी खाच असते. गाद्या कडेवर उभ्या करा, भिंतीपासून दूर. कपाटांची दारं उघडी. ओल शोषणारे खडे ठेवले तर त्यांचं भांडं दर महिन्याच्या फेरीत रिकामं करा. भरलेलं भांडं कलंडलं तर ते खारट पाणी लाकूड आणि धातू दोन्ही खराब करतं.

खिडक्या ॲक्रिलिकच्या असतील तर काचा पुसायचा स्प्रे किंवा अल्कोहोल वापरू नका, महिन्याभरात आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

वरून झाकायचं असेल तर हवा खेळेल असं मोटरहोमचंच आच्छादन घ्या. ताडपत्री ओल कोंडते आणि वाऱ्याने घासून रंग उडवते. तसं आच्छादन मिळत नसेल तर गाडी उघडी ठेवलेली बरी. चांदणी ओली असताना गुंडाळली असेल तर पहिल्या कोरड्या दिवशी सोडून वाळवा.

महिन्याची फेरी

एक दिवस ठरवा आणि अर्धा तास द्या. शक्यतो जोराचा पाऊस पडून गेल्यानंतरचा दिवस निवडा. दार उघडल्यावर आत पाऊल टाकण्याआधी एक खोल श्वास घ्या. कुबट वास डोळ्यांच्या आधी कळवतो, आणि दोन मिनिटांत नाक त्याला सरावतं. मग कोपऱ्यांवर हात फिरवा, मीटर लावा, दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट मोजा, टायर सरकवा, उंदराच्या लेंड्या शोधा, दारं-खिडक्या उघडून गाडीत वारा खेळू द्या. निघताना वहीत तारीख आणि आकडे.

पुन्हा बाहेर काढताना

हे काम निघायच्या आठवडाभर आधी करा, म्हणजे काही निघालंच तर दुरुस्तीला वेळ राहील. फिल्टर काढलेलाच ठेवा आणि गिझर वगळून पाण्याची टाकी आणि नळ्या निर्जंतुक करा. सुमारे ५ टक्क्यांचं, वास नसलेलं ब्लीच लिटरमागे १ मिलिलिटर, म्हणजे १०० लिटरच्या टाकीला १०० मिलिलिटर. आधी बादलीभर पाण्यात मिसळून मग टाकीत ओता, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत पाणी सोडा, चार तास ठेवा आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही आम्ल मिसळू नका, विषारी वायू होतो.

टाकी भरली की सगळे नळ बंद करा, पंप सुरू करा आणि शांतपणे ऐका. दाब भरल्यावर पंप थांबायला हवा. थोड्या थोड्या वेळाने तो आपणहून घरघरत असेल तर कुठेतरी पाणी गळतंय. सिंकखाली आणि गिझरपाशी कोरडा कागद फिरवून पाहा, बहुधा तिथेच सापडेल.

त्यानंतर गॅस. सिलिंडर जोडून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला तर व्हॉल्व्ह लगेच बंद. टायरमधली जास्तीची हवा गाडीच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत आणा, टायर थंड असताना. चाकांचे नट टॉर्क पान्ह्याने (किती जोराने आवळलंय ते मोजणाऱ्या पान्ह्याने) तपासा. पहिल्या शंभर मीटरात, रस्ता मोकळा पाहून, ब्रेक हळू दाबा. डिस्कवरचा गंज घासला जाताना खरखर येते. चार-पाच वेळा ब्रेक दाबल्यावर ती थांबायला हवी. थांबली नाही किंवा गाडी एका बाजूला ओढली, तर तिथूनच परत फिरा आणि चाक उघडून दाखवून घ्या.